कमी पैशांत फाउंड फुटेज भयपट काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही इंदूरचे सहा जण. बहुतेक मराठी नाटकांतून आलेले, एक जण लग्नांचं शूटिंग करतो. आजवर तीन छोटे भयपट काढले, तिन्ही फाउंड फुटेज पद्धतीचे. एक रामबागेतल्या जुन्या वाड्यात, एक चोरलच्या बाजूला शेतातल्या घरात, एक दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. सिनेमा दाखवून झाला की काही मुलंमुली थांबतात, नंबर घेतात आणि पुढे महिनाभर विचारत राहतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. फाउंड फुटेज म्हणजे हातात हलणारा कॅमेरा, एवढंच ना?

नाही. हलता कॅमेरा कुठल्याही सिनेमात असतो. इथे कॅमेरा गोष्टीच्या आत असतो. पात्रांना तो दिसतो, कुणीतरी तो विकत किंवा उसना आणलेला असतो, त्याची बॅटरी संपते, तो हातातून पडतो. आपण जे बघतो ते त्या माणसांनी स्वतः टिपलेलं आणि नंतर कुणाच्या तरी हाती लागलेलं आहे, असं धरून बघायचं. त्यामुळे सीसीटीव्ही, व्हिडिओ कॉल, लग्नाची टेप हे सगळं यात बसतं. २०२० च्या टाळेबंदीत ब्रिटनमध्ये झालेला ‘होस्ट’ हा ५७ मिनिटांचा भयपट एका झूम कॉलवर घडतो. कलाकारांनी आपापल्या घरी कॅमेराही स्वतः मांडला आणि दिवेही स्वतःच लावले.

२. खर्च किती येतो? पन्नास हजारांत होईल का?

होईल, पण आधी एक सांगतो. दिग्दर्शक ओरेन पेलींनी ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ हा अमेरिकी भयपट २००६ मध्ये सॅन दिएगोतल्या स्वतःच्या घरात सात दिवसांत, साधारण १५ हजार डॉलरमध्ये चित्रित केला, हे सगळ्यांना पाठ असतं. तो सगळीकडे प्रदर्शित व्हायला २००९ उजाडलं, हे कुणी सांगत नाही. मधल्या काळात त्याचा शेवटही बदलला. स्वस्त झालं ते चित्रीकरण. वेळ स्वस्त झाला नाही.

आमच्या वाड्याच्या सिनेमाला ६१ हजार लागले. त्यातले २२ हजार खाण्यापिण्यावर गेले आणि ते मला मुळीच जास्त वाटत नाहीत. रात्री दोन वाजता उपाशी माणूस अभिनय करू शकत नाही. बाकीचे दोन हार्ड डिस्क, माइकचं भाडं, इन्व्हर्टर, येणंजाणं आणि वाड्याची फुटलेली दोन कौलं यांत गेले. त्या वेळी कलाकारांना मानधन दिलं नव्हतं. आता थोडं का होईना, देतो. त्याबद्दल प्रश्न १५ मध्ये.

३. मोबाइल चालेल, की जुना हँडीकॅम शोधू?

गोष्ट आजची असेल तर मोबाइल, आणि तो मुद्दाम फार चांगला नकोच. पण बहुतेक फोन उजेड कमी झाला की आपल्या मनाने फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपायची तो वेग, खाली आणतात. मग वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज चित्राशी जुळत नाही, हळूहळू सरकत जातो. म्हणून फ्रेम रेट आणि शटर (प्रत्येक चित्राला उजेड किती वेळ मिळतो ते) पक्कं करता येईल असं ॲप घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. २५ फ्रेम आणि एक-पन्नासांश शटर ठेवलं की ट्यूबलाइटखाली चित्र लपलपत नाही.

उन्हाळ्यात दुसरी अडचण येते. ३५ अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरावा असं ॲपल स्वतः सांगते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. माडीवर पत्र्याखाली आमचा फोन अकरा मिनिटांत तापून बंद पडला. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. कव्हर काढून पंख्यासमोर धरा.

गोष्ट २००० च्या आसपासची असेल तर खराच मिनी-डीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल टेपचा, कॅमेरा मिळवा. फिल्टर लावून जुनं केलेलं चित्र ज्यांच्या घरी तसल्या टेपा आहेत त्यांना लगेच ओळखू येतं. टेप साधारण ६० मिनिटांची, चित्र ७२० बाय ५७६ चं. मात्र टेप संगणकात उतरवायला फायरवायर नावाचं जुन्या पद्धतीचं पोर्ट लागतं आणि ते नव्या लॅपटॉपला नसतं. आम्हाला जेल रोडवर चार्जर मिळाला, बॅटरी मिळाली ती दहा मिनिटांत मान टाकणारी. शेवटी वायर जोडूनच शूट केलं आणि वायर दिसू नये म्हणून तिथे पात्राला बसवून ठेवलं.

४. भूत मागे लागलंय आणि हा अजून शूटिंग करतोय? आमचे प्रेक्षक नेमके तिथेच हसतात. काय करू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, आणि माझ्या मते या प्रकारातली खरी अडचणही हीच. बाकीच्या बऱ्याच गोष्टी पैशाने किंवा ओळखीने निभतात. ही लिहितानाच सोडवावी लागते.

आमच्या वाड्याच्या सिनेमाचं उदाहरण देतो. वाडा विकायला निघालाय, भावकीत वाटणी व्हायची आहे आणि अमेरिकेतल्या काकांना प्रत्येक खोलीतली प्रत्येक वस्तू बघायची आहे. पुतण्या मोबाइल घेऊन हिंडतो. हे पितळी घंगाळ, हा शिसवी पलंग, हे आजीचं फडताळ, यात सात लुगडी. पहिली बारा मिनिटं नुसती यादी. मग माडीवरच्या खोलीत तेच घंगाळ पुन्हा दिसतं, यावेळी पाण्याने भरलेलं. पुतण्याकडे शूट करण्याचं कारण पैशाचं आहे, आणि काकांचा त्याच्यावर विश्वास नाही हेही कारण आहे. त्यामुळे तो एकटाच माजघरात शिरतो तेव्हा कुणी हसत नाही.

पण हे कारण जिवावर बेतेपर्यंतच पुरतं. पळताना कोण यादी करतो? तिथे दुसरं कारण लागतं. आम्ही वीज घालवली आणि मोबाइलचा दिवा हाच एक उजेड ठेवला. नुसता टॉर्च लावायला रेकॉर्डिंग कशाला, असं कुणीही विचारेल. म्हणून आधी एका साध्या प्रसंगात दाखवून ठेवलं की या फोनचा टॉर्च बिघडलाय, दिवा फक्त रेकॉर्डिंग चालू असतानाच लागतो. पुढे तो रेकॉर्डिंग बंद करत नाही ते अंधाराच्या भीतीने.

आणि शेवटी फोन पडतो. पडल्यावर तो पलंगाखालचं दाखवत राहतो, धूळ, एक जुनी चप्पल आणि लांबून येणारे पाय. आमच्या तिन्ही सिनेमांतला हा मला सगळ्यात आवडणारा शॉट आहे आणि त्यात कॅमेरा कुणाच्याच हातात नाही.

आता आम्ही प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर ‘आत्ता का?’ असं लिहितो आणि त्याखाली एका ओळीत उत्तर. ते वाचून दोघांना पटलं नाही तर प्रसंग जातो. वाड्याच्या वेळी अशी सहा पानं गेली. फुटेज नंतर कुणाला सापडलं, कुणी जोडलं हेही ठरवा, सिनेमात सांगितलं नाही तरी. पोलिसांनी पुरावा म्हणून जोडलं असेल तर त्यात पार्श्वसंगीत कुठून येणार?

५. संवाद लिहून द्यावेत की कलाकारांना बोलू द्यावं?

प्रसंग पूर्ण लिहा, वाक्यं सैल ठेवा. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा फाउंड फुटेज भयपट ऑक्टोबर १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जंगलात आठ दिवसांत चित्रित झाला. कॅमेरे तिघा कलाकारांच्याच हातात होते. दिग्दर्शक त्यांच्यासाठी चिठ्ठ्या ठेवून जात आणि प्रत्येकाने फक्त आपली चिठ्ठी वाचायची. त्यातून जो अविश्वास दिसतो तो बराचसा खरा आहे. आम्ही तेवढं धाडस केलं नाही. दोन महिने दर रविवारी तालमी केल्या आणि कुणाला काय माहीत आहे एवढंच वेगवेगळं ठेवलं.

नाटकातल्या माणसांना इथे दोन सवयी मोडाव्या लागतात. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणं आणि समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं. घरात कुणी असं थांबत नाही. शिवाय कट न घेता सात-सात मिनिटांचे टेक असतात, एक शब्द चुकला तर सगळं पहिल्यापासून. पाचव्या टेकनंतर भीती पाठ झालेली असते. त्या रात्री तो प्रसंग सोडून द्या, दुसरा घ्या.

६. इंदूरमध्ये राहून मराठीत काढावी की हिंदीत?

घरात जसं बोलता तसं. आमच्या सिनेमात आजी जुन्या वळणाचं मराठी बोलते, नातू ‘अरे भिया, चल ना यार’ म्हणतो आणि राखणदार माळवी ढंगाचं हिंदी बोलतो. पुण्याच्या एका प्रेक्षकाने ‘काय करून राहिलास’ हे मराठी चुकीचं आहे म्हणून कळवलं. ते आम्ही ठेवलं, कारण आमच्या घरांत ते तसंच ऐकू येतं आणि सापडलेल्या व्हिडिओत प्रमाणभाषा आली की खोटेपणा लगेच कळतो. आमचा एक कलाकार सिनेमाभर हिंदीत बोलत होता. शेवटच्या प्रसंगात त्याच्या तोंडून आपोआप ‘आई गं’ निघालं. तोच टेक आम्ही घेतला. उपशीर्षकं मात्र नीट द्या, त्यात कसूर नको.

७. रात्रीचं शूटिंग नुसत्या टॉर्चवर होतं का?

दिसतं तसं, पण होत नाही. अंधार वाढला की फोन आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, वाढवतो आणि भिंतीवर मुंग्या चालल्यासारखे दाणे येतात. म्हणून खोलीत वाटतं त्यापेक्षा जास्त उजेड ठेवा आणि संपादनात काळोख करा. उजेडाला दिसणारं निमित्त हवं. देवघरातली समई, झिरोचा दिवा, उघडं राहिलेलं फ्रिजचं दार. आम्ही दाराआड छोटा एलईडी ठेवून त्यावर नारिंगी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावतो. एक्स्पोजर, म्हणजे चित्राच्या उजेडाची पातळी, लॉक करायला विसरू नका, नाहीतर पात्र वळलं की चित्र आपोआप उजळतं आणि मागे लपलेला माणूस दिसतो.

८. आवाजात एवढं काय अवघड आहे? फोनचा माइक पुरतो की.

चित्र वाईट असलं तर प्रेक्षक ते शैली म्हणून स्वीकारतात. आवाज कळला नाही तर उठून जातात. फोन आवाजाची पातळी आपणच वरखाली करतो. शांततेत पंख्याची घरघर मोठी होते आणि किंचाळी फाटून येते. म्हणून प्रत्येकाच्या कपड्यात छोटा कॉलर माइक, वेगळा रेकॉर्डर आणि दोन्हीची गाठ बसावी म्हणून टेकच्या सुरुवातीला एक टाळी. नंतर हा आवाज थोडा खराब करून फोनमधून आल्यासारखा करायचा. चांगला आवाज बिघडवता येतो, बिघडलेला सुधारता येत नाही.

कॅमेरा धरणाऱ्या पात्राचा श्वास स्वतंत्र घ्या. तो माणूस पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. त्याचं सगळं काम श्वासात असतं, लाळ गिळण्यात, हातातल्या फोनवर घासणाऱ्या बोटांत. आमच्या मित्राने रजईत डोकं घालून दोन तास नुसते श्वास रेकॉर्ड केले. जिना चढल्यावरचा, दाराला कान लावून धरलेला, रडू दाबलेला.

आणि जागेचा आवाज. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून दोन मिनिटं नुसती खोली रेकॉर्ड करा. पावसाळ्यात रातकिडे इतके असतात की दोन टेक जोडताना त्यांचा सूर तुटलेला कळतो. वीज गेली की शेजारचा इन्व्हर्टर टीं टीं करतो. पहाटेचा शेवटचा टेक तर इंदूरमध्ये जमतच नाही म्हणा, कारण महापालिकेची कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते. एका टेकमध्ये ती इतकी अचूक वेळी आली की आम्हाला ठेवावीशी वाटली. का ठेवता आली नाही ते प्रश्न १६ मध्ये.

९. दार आपोआप उघडणं, वस्तू हलणं, रक्त, हे कमी पैशांत कसं करता?

तंगूस. मासेमारीच्या दुकानात मिळतो. टॉर्चच्या उजेडात तो चमकतो, म्हणून काळ्या मार्करने रंगवून घ्या आणि कॅमेऱ्याच्या रेषेत आडवा येऊ देऊ नका. दार उघडायचं तर आधी बिजागरीला तेल घाला आणि करकर नंतर वेगळी जोडा. गंजलेलं दार तंगूस तोडतं. ओढणाऱ्याला प्रसंग दिसत नसतो, म्हणून त्याच्या हातात व्हायब्रेटवर ठेवलेला फोन द्या. दुसऱ्याने मिस्ड कॉल दिला की ओढायचं.

रक्तासाठी साखरेचा घट्ट पाक, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. फोनच्या निळसर दिव्यात लाल रंग काळा दिसतो, म्हणून उघड्यावर जरा भडक वाटेल इतका ठेवा. फरशीवर आधी कोपऱ्यात लावून बघा.

‘कलाकाराला न सांगता खरंच घाबरवा, मग बघा’ हा सल्ला आम्हालाही मिळाला होता आणि आम्ही तो ऐकला. मैत्रिणीला न सांगता एकाला जिन्याखाली लपवलं. ती दचकून तीन पायऱ्या खाली आली, घोटा सुजला, महिनाभर तिला नीट चालता आलं नाही. तो शॉट सिनेमात नाही. तिने आम्हाला माफ केलं, पण तेव्हापासून आमचा नियम आहे. काहीतरी होणार हे कलाकाराला ठाऊक असतं, कधी होणार हे नसतं.

१०. परवानगी कुठे कुठे लागते? घरच्या घरी लागते का?

घर एकाचं असेल तर त्याची लेखी परवानगी पुरते. वाडा असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्या. आम्हाला धाकट्या भावाने आनंदाने किल्ली दिली होती. थोरले रात्री एक वाजता आले आणि त्यांच्या घरात अनोळखी माणसं कपाळाला रक्त लावून उभी. त्यांचं रागावणं अगदी बरोबर होतं. त्या रात्रीचं काम गेलं आणि दुसऱ्या दिवशी घरी जाऊन माफी मागितली.

शेजाऱ्यांना आदल्या दिवशी भेटा, किंचाळण्याची वेळ सांगा आणि ती पाळा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, तेव्हा स्पीकरवर सूचना देऊ नका. रस्त्यावर काही करायचं तर हद्दीतल्या पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या. अर्जाची शिक्का मारलेली प्रत खिशात असली की रात्री गस्तीची गाडी थांबली तरी बोलणं सोपं जातं.

स्मारकांचं वेगळं आहे. राजवाडा, लालबाग राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आणि मांडूची स्मारकं केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. पर्यटक म्हणून मोबाइलवर व्हिडिओ घेणं आणि कलाकार आणून प्रसंग करणं या दोन गोष्टी एक नाहीत. दुसऱ्याला रीतसर परवाना लागतो. ‘आम्ही पर्यटकाचीच गोष्ट करतोय’ हे कारण चालत नाही. सुरुवात मध्य प्रदेश पर्यटन मंडळाच्या चित्रपट कक्षापासून करा.

११. पाताळपाणी किंवा राळामंडळला रात्री जाऊन शूट केलं तर फुकट लोकेशन मिळेल ना?

कृपा करून जाऊ नका. राळामंडळ अभयारण्य आहे, तिथे चित्रीकरणाला वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते. पाताळपाण्याच्या धबधब्याला वरच्या बाजूला पाऊस झाला की खाली आकाश कोरडं असतानाही पाणी एकदम वाढतं. तिथे माणसं वाहून गेली आहेत.

या प्रकारात एक धोका असा आहे जो साध्या सिनेमात नसतो. कॅमेरा धरणारा पळतोय आणि त्याचे डोळे फोनच्या पडद्यावर आहेत. पुढचा खड्डा त्याला दिसत नाही. म्हणून पळण्याच्या प्रत्येक शॉटला आम्ही एक ‘धरणारा’ ठेवतो. तो फ्रेमबाहेर राहून कॅमेरेवाल्याच्या पट्ट्याला धरून बरोबर पळतो. वाट दिवसा दोघांनी मिळून तीनदा चालून बघायची, काचा-काटे उचलायचे. चोरलच्या शेतात आम्हाला अशा फेरीत बिनकठड्याची विहीर सापडली. रात्रीचा सगळा मार्ग बदलला.

१२. शूटिंग संपलं, ३० तासांचं फुटेज आहे. आता?

आता खरं काम. ‘ब्लेअर विच’चं सुमारे २० तासांचं फुटेज कापून ८१ मिनिटं झाली आणि त्याला कित्येक महिने गेले. साध्या सिनेमात एक टेक बिघडला तर समोरच्याचा चेहरा दाखवून झाकता येतो. इथे कॅमेरा एकच, झाकायला काही नाही. फोन खाली झुकणं, वेगाने फिरणं, रेकॉर्डिंग थांबून पुन्हा चालू होणं, कापायच्या जागा एवढ्याच. त्या चित्रीकरणातच पेरून ठेवा.

जागेचा हिशेब आधी मांडा. आयफोनच्या सेटिंगमध्येच आकडे दिलेले असतात. ३० फ्रेमवर १०८० (फुल एचडी) ला मिनिटाला साधारण ६० एमबी, फोर-के ला १७०. म्हणजे तासाला साडेतीन जीबी विरुद्ध दहा. शॉट पडद्यावर मोठा करायचा नसेल तर १०८० पुरतं. रोज रात्री झोपण्याआधी दोन डिस्कवर प्रत आणि त्या दोन डिस्क दोन वेगळ्या घरी.

१३. बघताना लोकांना गरगरतं म्हणतात. टाळता येतं?

बरंचसं. लॅपटॉपवर ठीक वाटलेला शॉट मोठ्या पडद्यावर पोटात ढवळतो, म्हणून संपादनाच्या मध्यावर एकदा प्रोजेक्टरवर बघा. प्रत्येक झटक्यानंतर तीन-चार सेकंद कॅमेरा स्थिर ठेवा. फोन दोन्ही हातांनी छातीजवळ धरून चाललं की थरथर बरीच कमी होते. प्रदर्शनाआधी सूचना द्या, आणि दिवे लपलपणारा प्रसंग असेल तर तीही, कारण अपस्मार असलेल्यांना त्याचा त्रास होऊ शकतो.

१४. ‘सत्य घटना’ म्हणून प्रचार करू का? ‘हरवले आहेत’ची पोस्टर लावली तर गावभर चर्चा होईल.

‘ब्लेअर विच’ने १९९९ मध्ये हेच केलं आणि लोकांना ते खरं वाटलं. त्यातल्या अभिनेत्रीच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. मला ती गोष्ट प्रचाराची युक्ती म्हणून आवडत नाही, त्या आईच्या जागी मी स्वतःच्या आईला बघतो.

आणि आजचं इंदूर म्हणजे व्हॉट्सॲप. बेपत्ता मुलीचं खोटं पोस्टर तासाभरात शंभर गटांत फिरतं, कुणीतरी संशयावरून वाटसरूला धरतं. अफवा पसरवणं गुन्हा आहे, पोलिसांना खोटी खबर देणंही. ‘हे सापडलेलं फुटेज आहे’ हा करार सिनेमा सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा ठेवा. तिकिटावर आणि पोस्टरवर तो सिनेमाच असू द्या.

१५. कलाकारांची खरी नावं वापरली तर जास्त खरं वाटेल ना? करार करायचा का?

वाटेल, पण विचार करून करा. ‘ब्लेअर विच’च्या तिघांनी खरी नावं वापरली. सिनेमाने जगभरात २४ कोटी डॉलरच्या वर कमाई केली, आणि २०२४ मध्ये त्यांना आपल्या हक्काच्या पैशांसाठी आणि नाव-चेहऱ्याच्या वापराबद्दल जाहीर पत्र लिहावं लागलं. मित्रामित्रांत सिनेमा असेल तरी एका पानावर लिहून घ्या. मानधन किती, उत्पन्न झालं तर वाटा किती, खरं नाव वापरायचं की नाही, पुढचा भाग काढला तर काय. कॅमेरा धरणारा कलाकार इथे छायाचित्रकारही असतो, त्याला दोन्ही श्रेय द्या. ओळखीत कागद कशाला, असं म्हणणाऱ्यांची मैत्री तुटताना मी पाहिली आहे.

१६. मागे टीव्हीवर गाणं चालू असेल तर? ते तर खऱ्या घरात असतंच.

असतं, तरी परवानगी लागते. फुटेज ‘सापडलेलं’ आहे ही आपली गोष्ट आहे, कायद्यापुढे तो सिनेमाच. रिंगटोन, मालिकेचं शीर्षकगीत, रस्त्यावरचा डीजे, कचरागाडीचं गाणं, सगळ्याला हेच लागू. म्हणून आमचा तो पहाटेचा टेक गेला.

आरतीचं विचारणारे बरेच असतात. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ समर्थ रामदासांची मानली जाते, तिच्या शब्दांवर आज कुणाचा हक्क नाही. पण कॅसेटमध्ये कुणीतरी गायलेल्या आरतीवर हक्क असू शकतो. मग सोपं करा, तुमच्याच आजीला म्हणायला लावा. आमच्या सिनेमात आमच्या ध्वनीवाल्याच्या आत्या म्हणतात, टाळ जरा पुढे-मागे पडतो, आणि तेच अंगावर येतं.

१७. लहान मूल किंवा कुत्रा-मांजर घ्यायचं असेल तर?

मुलाला चित्रपटात घ्यायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच. त्यापलीकडे माझं मत असं की भयपटात मुलाला भीतीच्या प्रसंगात ठेवूच नये. त्याचा शॉट दिवसा, खेळ म्हणून घ्या आणि भीती संपादनात आणा.

प्राण्यांसाठी भारतीय पशु कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते, प्राणी घरचा पाळलेला असला तरी. आम्ही मांजर नुसतं ऐकवलं.

१८. सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवंच का?

चित्रपटगृहात दाखवायचा तर हवं. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूए चे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन गट झाले आहेत. नुसता यूट्यूबवर टाकणार असाल तर ते लागत नाही. प्रश्न १४, १५ आणि १६ मधलं सगळं मात्र तिथेही लागू आहे.

१९. घरात खरीच जुनी टेप सापडली आहे. आजोबांची, लग्नाची. ती सिनेमात वापरू का?

हा प्रश्न वर्षातून एक-दोनदाच येतो, पण उत्तराला सगळ्यात जास्त वेळ मी यालाच देतो. हक्काचं आधी. पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रीकरणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कायद्याने ते करवून घेणारा असतो. म्हणजे लग्नाची टेप बहुधा घरच्यांची, शूटिंगवाल्याची नाही. त्यात वाजणारी बँडची गाणी मात्र प्रश्न १६ मध्ये येतात.

पण टेपमधली माणसं? आम्हाला वाड्यात एका मुंजीची टेप मिळाली होती. बटूच्या मागे एक बाई उभी, डोक्यावर पदर, कॅमेऱ्याकडे बघते आणि लगेच नजर वळवते. चार सेकंद. आमच्या गोष्टीला त्याहून चांगली भुताची ओळख करून देता आली नसती. संपादनात बसवलीही. मग वाड्याच्या काकूंना दाखवलं. त्या बघत राहिल्या, म्हणाल्या, “ही माझी जाऊ. पुढच्या चैत्रात गेली. हिचा फोटोसुद्धा नाही रे आमच्याकडे.”

चार सेकंद सिनेमातून काढले. ती संपूर्ण टेप उतरवून, आवाज साफ करून काकूंना पेन ड्राइव्हमध्ये दिली, आणि त्या चेहऱ्याचा एक फोटो मोठा करून. तो त्यांनी देवघराशेजारच्या भिंतीवर लावला आहे.